घणाचा दांडा घेऊन सेनगावकडे

हिंगोलीच्या बसस्थानकात सेनगावच्या गाडीत चढताना माझ्या हातातला वेळूचा दांडा दारात अडकला. मागची बाई ओरडली, "ओ भाऊ, खांब घेऊन निघाले का काय?"

कंडक्टरनं विचारलं, "काय हाय हे?"

"काठी," मी म्हणालो. पुण्याला घरीही तो जाळी काढायची काठी म्हणूनच पडून असतो. खरं तर तो घणाचा दांडा.

रस्त्याकडेचं सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं. मधेच काळ्या दगडाचा कापलेला डोंगर दिसला. या खदानीत मी तरुणपणी दगड फोडले. घणाचं लोखंड मालकाचं, दांडा ज्याचा त्याचा. म्हणून संप म्हणजे दांडे काढून घरी न्यायचे. सुरुंग पेटवण्याआधी भोंगा वाजवून माणसं बाहेर काढा, एवढ्यासाठी आमच्या संघटनेनं पहिल्यांदा दांडे काढले. ठेकेदारानं मला मुकादमकी देऊ केली, आणि मी दांडा परत बसवला. मी एकटाच. बाकीचे हटले नाहीत, म्हणून भोंगा आला. तो माझ्यासाठीही वाजला. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

खदानीपाशी उतरलो. समोरच्या संघटनेच्या पत्र्याच्या खोलीत त्या संपातले दांडे भिंतीवर टांगलेले आहेत. माझा तेव्हाचा जोडीदार काशिनाथ दारातच बसला होता.

"आलास व्हय? काहून एवढा सुकलास?" त्यानं सुनेला हाक मारली, "पाव्हण्याला भाकर वाढ."

ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, ठेचा. दोन घास खाऊन मी दांडा पुढे केला. "भिंतीवर लावशील?"

त्यानं तो तोलला, वाकवून पाहिला. "बेस हाय. पण ही भिंत संपाची हाय, गड्या. हा तर संपात कामाला होता."

"चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," तो म्हणाला. "आता ठेचा घे. का तेबी मालकाला इचारून घेतो?"

सून तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यात भोंगा वाजला. खदानीतली माणसं बिनघाईनं वर आली, लिंबाखाली पाणी पीत उभी राहिली. मग जमीन हादरली.

परतीला तोच कंडक्टर. "काठी टेकत तर न्हाई तुमी."

"काठी न्हाई, घणाचा दांडा हाय. संपात मी परत बसवलेला. संघटनेच्या भिंतीला द्यायला नेला होता."

"मग तिकडं घेतला न्हाई व्हय?"

"न्हाई. बराबर केलं त्यांनी."

दांडा मांडीवर आडवा धरून बसलो. पुण्यात बायको जाळी काढायला तो मागेल. तेव्हा आधी तिला बसवून सगळं सांगायचं, मग दांडा हातात द्यायचा.