महालक्ष्म्यांची वाटणी

माझ्या मोठ्या मनाची एक गोष्ट नातेवाइकांत आजही कौतुकाने सांगितली जाते: घटस्फोटाच्या वेळी मी महालक्ष्म्यांचे चांदीचे मुखवटे हसत सोडून दिले. ती गोष्ट खरी नाही. हे मला ठाऊक होते आणि अप्पा वकिलांना. आम्ही दोघेही गप्प राहिलो.

अप्पांची कचेरी रायपूरच्या तात्यापारा वस्तीत होती. खाली मिठाईचे दुकान, वर घटस्फोट. तिथल्या मराठी घरांत नवराबायकोचे बिनसले की दोघेही समझोत्यासाठी त्यांच्याचकडे जात. कुणी रकमेचा आकडा उच्चारला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारीत, "याचं करशील काय?" मुलीची फी, आईचे औषध असे उत्तर आले, की त्या पैशासाठी ते घसा बसेपर्यंत भांडत. उत्तर नसले, की थट्टा सुरू. सोफ्यासाठी अडून बसलेल्या एका गृहस्थांना ते म्हणाले होते, "मले जेवढी फी देऊन राहिले ना भैया, तेवढ्यात दोन सोफे येतात. बसाले मात्र तुम्ही एकटेच."

माझ्या बायकोचे, सुनीताचे, आणि माझे घर, ठेवी, दागिने त्यांनी सहज मार्गी लावले. मग मी मुखवट्यांचा विषय काढला. सुनीताने स्वतःच्या पगारातून साठवून ते घडवले होते. मी गंभीरपणे सुचवले: दोन आहेत, एक तिला, एक मला.

अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे ज्येष्ठा तुझ्या चौबे कॉलनीत अन् कनिष्ठा सुनीताच्या अभनपुरात? भादव्यात त्या बहिणींनी व्हिडिओ कॉलवर जेवाचं काय, बाबू?"

सुनीताही हसली. मी हसलो नाही. वाटणी जमत नसेल तर अर्धी किंमत हवी, म्हणालो. मग एका सराफाचे वजन मला पटेना, दुसऱ्याचा भाव. बैठकीमागून बैठक होत गेली. सुनीता अभनपूरच्या शाळेतून बिनपगारी रजा काढून बसने येई, समोर बसे, आणि सही न होताच परत जाई.

एकदा ती गेल्यावर अप्पांनी मला थांबवून घेतले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. हळू आवाजात म्हणाले, "तुले चांदी नाही पाहिजे. तुले सुनीता त्या खुर्चीत पाहिजे. पण ते घर आता मोडलं, बाबू. तिले जाऊ दे."

पुढच्या बैठकीत मी मुखवट्यांवरचा हक्क सोडला. अप्पांनी सुनीताला एवढेच सांगितले की मी तयार झालो आहे. कौतुक सुरू झाले ते तेव्हापासून, आणि मी ते निमूटपणे घेत राहिलो.

यंदा अप्पा गेले. तेरवीला सुनीता भेटली. केस पिकले होते, बोलणे मोकळे होते. अप्पांच्या सुनेशी माझी ओळख करून देताना ती म्हणाली, "यांनी मोठ्या मनानं माझे मुखवटे मला दिले होते." खोटे झाकणारा माणूस आता उरला नव्हता, आणि ते एकट्याने पेलण्याची माझी इच्छाही नव्हती.

"मोठं मन नव्हतं, सुनीता," मी तिथेच म्हणालो. "तू येत राहावीस म्हणून मी अडवून धरलं होतं. तुझा पगार कापला जातो हे माहीत असूनही. माझं चुकलं. मला माफ कर."