चिडकं रक्त

"डोये मिट. आता बोट ठेव, कुठं लागलं?"

बाई दिवसभर हेच म्हणत. कापसाचा पुंजका घ्यायचा, चिमटीत पिळून त्याला टोक काढायचं आणि समोरच्याच्या पाठीवर, दंडावर, गालावर ते हलकेच टेकवायचं. ज्याला कळलं तो बरोबर जागेवर बोट ठेवी. ज्याला कळलं नाही तो डोळे मिटून नुसता वाट पाहत बसे, आणि तेव्हा बाईंचा चेहरा जरा मऊ होई. एरवी त्यांच्या वाटेला कोणी जात नसे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्याशी बोलायच्या आधी घसा साफ करून घ्यावा लागतो.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. वर्ध्याच्या बाहेर महारोगाचा एक दवाखाना होता आणि त्याची जीप मी चालवत असे. त्या रोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, म्हणून तो कापूस. रोग बरा करणाऱ्या गोळ्या तेव्हा नव्यानं आल्या होत्या. आम्ही गावोगाव फिरून झाडाखाली टेबल मांडायचो आणि त्या वाटायचो. गोळ्या देण्याचं आणि मलमपट्टीचं काम बाईंकडे.

त्या स्वतः मात्र तिथं रोगी म्हणून आल्या होत्या. आर्वीच्या रस्त्यावरच्या एका गावात, चांगल्या खात्यापित्या घरी त्यांना दिलं होतं. दंडावर चट्टा दिसला आणि नवऱ्यानं त्यांना बैलगाडीत घालून दवाखान्याच्या फाटकाशी आणून उतरवलं. निघण्याआधी त्यांचं जेवणाचं ताट त्यानं काठीनं ढकलत उकिरड्यावर नेलं होतं. "काठीनं," बाई सांगत, "हात नाई लावला." वर्ष उलटायच्या आत त्यानं दुसरी बायको केली. बाई बऱ्या झाल्या, चट्टा गेला, पण न्यायला कोणी आलं नाही. त्यांनीही कधी रस्त्याकडे पाहिलं नाही. त्या माणसाची वाट पाहण्याऐवजी त्यांनी त्याचं वैर सांभाळलं, आणि चांगलं सांभाळलं.

त्या नव्या होत्या तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या हातात मेलेल्या जंतूंचं पाणी टोचून पाहिलं होतं. काही आठवड्यांनी तिथं टणक गाठ उठली. डॉक्टर खूश. हात सुजल्यावर खूश होणारा डॉक्टर बाईंना वेडाच वाटला असावा. एकदा जीपमध्ये त्यांनी विचारलंच.

डॉक्टर पुण्याकडचे, समजावून सांगण्याची भारी हौस. म्हणाले, "जंतू शिरला की त्या जागेचं मांस एक द्रव्य सोडतं. त्या द्रव्याच्या मागावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात. गावात आग लागली की कोणी तरी थाळी बडवतं ना, तसंच. तुमचं शरीर थाळी जोरात बडवतं."

"अन् थांबवते कोन?"

"मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात. त्यांचा रस सांगतो, आता पुरे. तो कमी पडला तर आग विझल्यावरही लोक येतच राहतात आणि घराच्याच भिंती पाडतात."

बाईंनी जरा विचार केला. "माह्यात तो रस कमीच असन," त्या म्हणाल्या. "माहं रक्त चिडकं हाये."

डॉक्टर हसले. मी हसलो नाही, कारण मला ते खरंच वाटलं.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या सासरच्या गावाची तपासणी निघाली. गावातल्या प्रत्येकाला उघड्या अंगानं उजेडात उभं करून पाहायचं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आला नाहीत तरी चालेल." बाई त्या दिवशी सगळ्यांच्या आधी जीपमध्ये येऊन बसल्या होत्या.

पुरुषांच्या रांगेत तो आला. ऐटबाज गडी, पांढरंशुभ्र धोतर. बाईंना पाहून त्यानं मान फिरवली, आणि पाठ आपसूक आमच्याकडे झाली. बाईंनी कापूस पिळला. "डोये मिटा. बोट ठेवा." खांद्याखाली एक फिकट चट्टा होता, तळहाताएवढा. बाईंनी तिथं टोक टेकवलं. तो वाट पाहत उभा. पुन्हा टेकवलं. तो उभाच. सगळं गाव बघत होतं.

डॉक्टरांनी जवळ जाऊन पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हा जुना आहे. बराच जुना."

बाई मात्र हळू बोलल्या नाहीत. "आयकलं का गावकरी हो? याचा जुना हाये. माह्या आंधीचा. मले यानंच देल्ला, अन् यानंच हाकललं."

परतताना डॉक्टर त्यांना रागावले. रोग्याचं गुपित असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी आरशात पाहिलं, त्या चांगल्या हसत होत्या. खरं सांगतो, त्या दिवशी मला जीप चालवायला फार बरं वाटलं.

महिनाभरात त्याची दुसरी बायको माहेरी निघून गेली. तो दर आठवड्याला झाडाखाली येऊ लागला, सगळे पांगल्यावर, शेवटी. गोळी बाईंच्या समोरच गिळावी लागे, बाईंच्याच पेल्यातल्या पाण्यासोबत. बाई पेला काठोकाठ भरत आणि तो रिकामा होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे पाहत राहत.

पुढच्या पावसाळ्यात एकदा डॉक्टर कामानं नागपूरला गेले होते. मी आणि बाई, दोघंच गेलो. तो आला तो अंगावर घोंगडं घेऊन. अंगात ताप, चट्टा लालभडक फुगलेला. बाईंनी घोंगडं बाजूला करून कोपराच्या आतली शीर चाचपली तसा तो कळवळला. दोराएवढी जाड झाली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं होतं. त्याच्या रक्तानं शेवटी एकदाची थाळी बडवली होती, आणि आता ते थांबायला तयार नव्हतं. असा हात तसाच सोडला तर पंधरवड्यात त्याचा आकडा होतो, मग आयुष्यभर तो काही धरत नाही. हे मला ठाऊक होतं, तर बाईंना असणारच.

"गोळी द्या अन् चला," मी म्हणालो. "आभाय भरून आलं हाये."

बाई गोळी हातात धरून बसून राहिल्या. मग त्यांनी ती बाटलीत परत टाकली. "याले मांगं बसवा," त्या म्हणाल्या.

तो मागे कण्हत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "काऊन आणलं याले? वाकू द्याचा होता हात. तुमचं ताट ढकलणारा हात हाये तो."

"म्हणूनच आणलं," बाई रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "लुल्या हाताची लोकायले कीव येते, भाऊ. दारात बसला तं बाया भाकर देतीन, बिचारा म्हणतीन. याले कोनी बिचारा म्हणावं, हे मले चालत नाई. माह्याजवय याले देयाले तेवढी कीव बी नाई, अन् दुसऱ्याची म्या येऊ देनार नाई."

निरोप मिळताच डॉक्टरांनी नागपूरहून त्या ग्रंथींच्या रसासारखंच नवं औषध आणलं. ते देऊन सूज उतरवली, हात फळीला बांधला. मग रोज तेल लावून बोटं सरळ करण्याचं काम बाईंनी मागून घेतलं. दया म्हणून नव्हे. त्या बोट धरून ताणत तेव्हा तो ओरडे, आणि वऱ्हांड्यात बसलेले रोगी चुळबुळत. "दुखते?" बाई विचारत. "दुखू दे. दुखते म्हंजे जित्तं हाये." दिवाळीच्या आधी त्याचा हात धडधाकट होऊन तो घरी गेला. मला विचाराल तर मी आजही म्हणेन, वाकू द्यायचा होता.

दिवाळीत तो परत आला. धुतलेली बैलगाडी, बैलांच्या शिंगांना रंग, सोबत गावचे दोन म्हातारे, आणि काखेत जरीकाठाचं हिरवं लुगडं. म्हाताऱ्यांनी डॉक्टरांना सांगितलं, झालं गेलं विसरा, घरच्या लक्ष्मीला न्यायला आलो. डॉक्टरांचे डोळे भरून आले. दवाखान्यातले सगळे फाटकाशी जमले होते.

बाई बाहेर आल्या. गाडीकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं. आत जाऊन त्यांनी पाट आणला, ताटात निरांजन लावून आणलं, आणि त्याला म्हणाल्या, "बस."

तो आनंदानं बसला. बाईंनी त्याला कुंकवाचं बोट लावलं, अक्षता टाकल्या, सावकाश ओवाळलं. त्या दिवशी तिथी कोणती आहे, हे आधी एका म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. मग पाटावर बसलेल्याला कळलं. भाऊबीज होती.

ताट त्याच्यापुढे धरून बाई थांबल्या. सगळे बघत होते. त्यानं पाची बोटं पसरून लुगडं उचललं आणि ताटात ठेवलं. दुसरं करण्यासारखं त्याला काही राहिलं नव्हतं. बाई वाकून त्याच्या पाया पडल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आता माहेरी जाऊन वहिनीले घेऊन येजो."