साबणाच्या डबीतलं अरण्य

वितळत्या मेणाला एक मंद, देवघरातला गंध असतो. सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी तो दरवळत होता आणि मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची अखंड खटखट त्याला साथ करत होती. दुधाच्या पातेल्याशेजारी उभा राहून मी काडेपेटीच्या काड्या एकेक करून मेणात बुडवत होतो. भर पावसातही पेटाव्यात म्हणून! बँकेच्या खुर्चीत आयुष्य घालवलेल्या माणसाला अरण्याची अशी ओढ का लागावी? आमच्या सोसायटीची मंडळी डांगच्या जंगलात दिवसभराच्या पायपिटीला निघणार होती, निमित्त तेवढंच. पण माझ्या मनात मात्र एक निर्जन, घनदाट महावन केव्हाच उभं राहिलं होतं.

त्या महावनाला पुरून उरणारं सारं साहित्य प्रवासातल्या साबणाच्या डबीत मावलं पाहिजे, असा माझा पण होता. काड्या, शिटी, चिमुकला आरसा, सुईदोरा, मासे धरायचा गळ, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, सेफ्टी पिना. संक्षेपालाही केवढं सौंदर्य असतं! माझी पत्नी सुषमा प्राथमिक शाळेत शिकवते. पसाऱ्याकडे शांतपणे पाहायची तिला सवय आहे.

“अहो, आरसा कशाला? जंगलात भांग पाडणार का?”

“त्यावर ऊन परतवून दूरच्या माणसाला खूण करता येते.”

“आणि खायचं काय?”

मी अभिमानाने गळ दाखवला. ती कणीक मळायला वळली.

जंगल मात्र माझ्या कल्पनेहून कितीतरी सौम्य निघालं. सागाच्या पानांतून गाळून आलेलं ऊन, वाळक्या पाचोळ्याची कुरकुर आणि परतीच्या वाटेवर अकस्मात दिसलेला एक हळद्या, जणू उन्हाचाच एक थेंब पंख फुटून उडालेला! त्याच्या मागे आम्ही दोघं वाट सोडून आत शिरलो. हळद्या उडून गेला आणि सुषमाचा पाय मुळांच्या बेचक्यात मुरगळला.

घोटा बघता बघता सुजला. तिला पाय टेकवेना. बाकीच्यांचे आवाज विरत गेले, मोबाइलला रेंज नव्हती आणि ऊन डोंगराआड उतरू लागलं होतं. इतका वेळ जे अरण्य मी हौसेने मनात वाढवलं होतं, ते आता खरोखरच चहूबाजूंनी जवळ येत होतं. तिचे ओठ वेदनेने पांढरे पडले होते, तरी तीच मला म्हणाली, “घाबरू नका हो.”

मी डबी उघडली. धूर करावा म्हटलं, तर मेणाचा लेप इतका जाड की काडी पेटीवरून नुसती घसरायची. पाऊस तर सोडाच, ती आगीलाही दाद देईना! आरशात परतवायला ऊन उरलं नव्हतं. सुषमाने तो माझ्या हातून घेतला आणि कपाळावरची सरकलेली टिकली नीट बसवली. मग मी जीव एकवटून शिटी फुंकली. पुन्हा फुंकली. फुंकतच राहिलो.

सकाळपासून आमच्या बसचा क्लीनर प्रत्येक थांब्यावर शिटी वाजवूनच मंडळींना गोळा करत होता, हे त्या क्षणी मला कुठून सुचणार?

झुडपं कडाडली आणि आमच्या शेजारीण हंसाबेन पिशवी छातीशी धरून धापा टाकत प्रकटल्या. “बस उपडी? अमने मूकीने?” आपल्याला टाकून बस निघाली, या धास्तीने त्या धावत आल्या होत्या, आणि त्यांच्यामागे अख्खी सोसायटी!

“हंसाबेन, बस नाही, मी आहे.”

“तो बस क्यां छे?”

बस कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. आमच्या सोबतचा वाटाड्या पुढे निघून गेला होता आणि शिटीमागे धावताना वाट सगळ्यांचीच सुटली होती. आता आम्ही एकत्र हरवलो होतो. पण काय ते हरवणं! सुषमाला पाहताच हंसाबेननी आपली ओढणी तिच्या घोट्याला घट्ट गुंडाळली आणि टोकाला माझ्या डबीतली सेफ्टी पिन लावली. डबे उघडले, थेपले फिरू लागले, कुणी कैरीचा गोड छुंदा वाढला. आणि बस पूर्वेला की पश्चिमेला, यावरून असा कलकलाट माजला की त्या आवाजाच्या रोखानेच वाटाड्या आम्हाला शोधत आला. आमची पंगत पाहून तो क्षणभर थबकला.

“रस्ता त्या बांबूंच्या पलीकडेच आहे,” तो म्हणाला. “जेवून घ्या, मग निघू.”

सुरतेत उतरलो तेव्हा बरीच रात्र झाली होती. सोसायटीची लिफ्ट बंद होती. चौघांनी सुषमाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं आणि वळणावळणावर “डावीकडे, भिंत सांभाळा!” अशा सूचना देत, वेदना विसरून खळखळून हसत, ती जिना चढू लागली. भय इतक्या लवकर ओसरून तिथे असं हसू कसं उमलतं? तिचा एक बूट हातात घेऊन मी मागून चाललो होतो आणि जिना आणखी दोन मजले असता तरी चाललं असतं, असं वाटत होतं.