कापूसवाली

हे कुणी वाचावे म्हणून लिहीत नाही. पण कुणाच्या हाती पडलेच तर आधी माफी मागते. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी उमगले नाही, मधेच हिंदी शब्द शिरतात, आणि ओळ सुरू होते तिथून शेवटाला जाईतो खाली घसरलेली असते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. प्रार्थनेला बाकीच्या बायका मोठ्याने मागतात, मी नुसते ओठ हलवते. म्हणून लिहायला बसले.

आईला जाऊन पुष्कळ वर्षे झाली. अजूनही उन्हाळा लागला की माठातून पाणी घेताना माझा हात थांबतो. मागे कुणी तरी पडून आहे, तहानलेले आहे, आणि माझ्या हाताकडे बघते आहे असे वाटते. मी वळून बघत नाही. मागे कुणी नाही हे ठाऊक असते. पण ज्या भांड्यात पाणी घेतले ते प्यायला मग जड जाते.

माझा जन्म देवासचा. आमची घरे राजाच्या लोकांबरोबर दक्षिणेतून आलेली. वडील सरकारी कोठीत कारकून होते, ते मी लहान असतानाच गेले. आईला देवळाच्या मागे एक खोली मिळाली आणि देवाच्या वाती वळण्याचे काम मिळाले. दिवसभर मांडीवर कापूस घेऊन ती बसायची. सोवळे अतिशय कडक. कडक ठेवणे भागच होते, कारण विटाळलेल्या हाताची वात देवापुढे चालत नाही, आणि वात गेली की खोलीही गेली.

मला धारला दिले. आमचे हे तिथल्या मिशनच्या दवाखान्यात औषधे घोटायचे काम करीत. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात माणसे रस्त्याच्या कडेला पडलेली यांनी उचलली, आणि उचलता उचलता यांचे मन तिकडे गेले. यांनी बाप्तिस्मा घेतला. आईचा निरोप आला, त्याला सोडून ये, विधवा समजून सांभाळीन. मी गेले नाही. मीही यांच्यामागे पाण्याखाली डोके वाकवले. तेव्हा आईने माझ्या नावाने आंघोळ केली. लोक हे रागात नुसते बोलतात. तिने खरोखर केली, देवळाच्या विहिरीवर, लुगड्यासकट, सगळ्या आळीच्या देखत.

मिशनच्या आवारात राहायला गेले त्या पहिल्या दिवशी एका बाईने मला तांब्याभर पाणी आणून दिले. ती पूर्वी शौचकूप साफ करायची. मला हे माहीत होते. आमच्या पवित्र शास्त्रातला प्रभूचा तो शिष्य छपरावर प्रार्थना करीत होता आणि आकाशातून चादर उतरली, तिच्यात सगळे निषिद्ध प्राणी, हेही मला पाठ होते. देवाने जे शुद्ध केले त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस, हे मी मान्य केलेले होते. एक घोट घेतला आणि तो उतरेना. मागे जाऊन ओकले. ती बाई दारात उभी राहून हसत होती.

"पेली बेर सबके असो होय, बई," ती म्हणाली. "पण म्हारे पाणी से आज तक कोई मर्यो नी."

पहिल्या वेळी सगळ्यांनाच असे होते, पण माझ्या पाण्याने अजून कुणी मेले नाही, असे ती म्हणाली आणि तांब्या पुन्हा भरून आणला. दुसऱ्यांदा प्यायले. त्या दिवशी मला कळले की किळस मनात राहत नाही, घशात राहते. मन वळवता येते, घशाला सांगून कळत नाही. म्हणून पुढे कुणी माझ्या आईला अंधारात पडलेली म्हटले की मी मान खाली घालून गप्प बसे. आमच्या मिशनच्या गोऱ्या मॅडम जखमा स्वतःच्या हाताने धूत, रडणाऱ्या बायकांना जवळ घेत. पण त्यांच्या घरी चहाला बोलावले की आम्हांला निळ्या काठाचे कप येत, त्यांचे पांढरे कप वेगळ्या फळीवर असत. कुणी त्याबद्दल बोलत नसे. मीही नाही.

आईकडे परत जायला मला एक वाट सापडली. धारच्या बाजारात निमाडचा कापूस येतो, लांब धाग्याचा आणि स्वच्छ. मी घरी बसून त्यातली सरकी काढायची, गाठोडे बांधायची आणि महू, इंदूर करीत देवासला न्यायची. कच्चा कापूस कुणाकडूनही घेता येतो. आईला चांगला कापूस हवाच होता. पहिल्यांदा मला ओट्यापाशी बघून ती आत गेली. मला वाटले, दार लावणार. ती पाण्याची वाटी घेऊन आली, गाठोड्यावर पाणी शिंपडले आणि काठीने ते आत ओढले.

"पदर आवर," ती म्हणाली. "उंबऱ्याला लागेल."

एवढे तिचे पहिले बोलणे.

मग मी दर दोन-तीन महिन्यांनी जाऊ लागले. ती मला ओट्याखाली पत्रावळीवर जेवू घाले, पाणी वरून ओंजळीत ओती. आणि कापसाचे पैसे देई. मला नको असत. ती ऐकत नसे. लेकीच्या घरचे फुकट घ्यायचे नाही, त्यातून मी तर मेलेली लेक. मी खाली हात धरायचा आणि तिने वरून पैसा सोडायचा. तळहातावर तो आपटे, कधी उडून मातीत जाई. तिच्याजवळ कधीच पुरते पैसे नसत, थोडे मागचे राहत. "पुढच्या खेपेला," असे ती म्हणे. मला त्या राहिलेल्या पैशांचा आधार वाटायचा. पैसे राहिले आहेत म्हणजे पुन्हा यायला सांगितले आहे.

एकदा मी जेवत असताना पलीकडच्या काकू डोकावल्या. "काय हो, तुमच्याकडे आज मडम आलीय वाटतं?"

"कापूसवाली आहे," आई वाती वळता वळता म्हणाली.

"जेवायला घालता कापूसवालीला?"

"लांबून येते. उपाशी मेली तर कापूस कोण देईल?"

काकू हसत गेल्या. आईने वर बघितले नाही. हातातली वात पुरी करून म्हणाली, "तुमच्या देवाला वात लागते का ग?"

"नाही. मेणबत्ती लावतात."

"चरबीची?"

"ठाऊक नाही, आई."

"इतकी वर्षं झाली, विचारलं नाहीस?" मग पत्रावळीवर लांबून भाताची आणखी एक मूद टाकून म्हणाली, "जेव. तिकडे काय खातेस कोण जाणे."

तेव्हा माझ्या मनात एकच होते. तिने एकदा माझ्या हातचे पाणी प्यावे. तिने माझा देव मानावा असे मी मागत नव्हते, मागायचे धाडसही नव्हते. ओठ हलवून मी रोज तेवढेच मागत असे.

शास्त्रात विहिरीची गोष्ट आहे. प्रभू दमून विहिरीवर बसले आणि जिच्या हातचे त्यांच्या लोकांना चालत नव्हते अशा बाईजवळ त्यांनी पाणी मागितले. बाईलाही नवल वाटले. मग जिवंत पाण्याबद्दल मोठे बोलणे झाले, बाई घागर टाकून गावात पळाली. मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा वाचली. तिने पाणी दिले की नाही, आणि ते प्यायले की नाही, हे लिहिलेलेच नाही. मोठ्या धीराने मी आमच्या उपदेशकांना विचारले.

ते हसले. "बाई, त्या पाण्याचं काय घेऊन बसलात? त्यातला अर्थ बघा."

मला ते पाणीच हवे होते.

त्या वर्षी इंदुरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला, मग देवासला. चैत्र लागला होता. आईची काही खबर नव्हती. हे म्हणाले, नको जाऊस. मग स्वतःच बाजारात जाऊन एक मोठे टरबूज घेऊन आले. निसरपूरकडे नर्मदेच्या वाळूत पिकतात ती धारला गाड्यांनी येतात. "फळ त्यांना चालेल," एवढेच म्हणाले. ते टरबूज मी मांडीवर घेऊन सगळी वाट बसले.

टांगेवाल्याने वेशीपाशी घोडा थांबवला. "आगे नी जउंगा, बई. वां कोई नी हे."

खरोखर कुणी नव्हते. लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले होते. आळीत दारे बंद, देवळाला कुलूप, भर दुपारी कुत्रेही नाही. माझ्याच पावलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. आईचे दार उघडे होते. ती आत जमिनीवर पडली होती, जात्याला डोके टेकून. माठ आडवा झालेला, त्याच्याखालची जमीन केव्हाच सुकलेली.

मी उंबऱ्यावर पाय ठेवला तशी तिने डोळे उघडले. "आत येऊ नकोस."

आवाज असा की कोरडे पान तुटावे. ओठ फुटून काळे पडले होते. मी मागे फिरले, विहिरीवर गेले. तिने माझ्या नावाने जिथे आंघोळ केली तीच विहीर. अडवायला कुणी नव्हते. मी पोहरा सोडला, पाणी ओढले, आणि ओट्यावर पडलेली तिची घागर भरून उंबऱ्याशी आणली. पाण्याचा आवाज ऐकून तिचा गळा हलला. मी तो हललेला बघितला.

डोळे मिटूनच तिने विचारले, "कुणी ओढलं?"

काकूंनी, असे मला म्हणता आले असते. ती बघत नव्हती. तेवढा एक शब्द, आणि ती प्यायली असती. पण खोटे सांगून पाजले तर ती काकूंच्या हातचे पिणार, माझ्या नव्हे. आणि पुढे कळले तर तिला कुठल्या पाण्याने धुता येणार होते?

"मी," मी म्हणाले.

तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

इतके दिवस मला वाटत होते की हे सगळे लोकांसाठी आहे, खोलीसाठी आहे, देवस्थानच्या कारभाऱ्याच्या भीतीने आहे. आता लोक नव्हते, कारभारी माळावर पळाला होता. आई होती आणि मी होते, आणि तिचे तोंड भिंतीकडे होते. ज्याला बघून लोक तोंड फिरवतात, ज्याला काहीच मोजत नाहीत, अशा एका माणसाबद्दल शास्त्रात सांगितले आहे, आणि तो माणूस म्हणजे प्रभूच असे आम्हांला शिकवले होते. मला त्याचा आधार वाटायला हवा होता. पण खरे लिहायचे तर त्या वेळी मी ज्याच्याकडे बघत होते ती आईची पाठ होती, आणि प्रभूही क्रुसावर तहान लागली म्हणाले होते ते मला आठवत होते. ते कुठल्या बाजूला पडलेले आहेत हे मला कळेना. उंबऱ्याच्या आत की बाहेर.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ते काय आणलंयस?"

"टरबूज. अख्खं आहे. कुणी कापलेलं नाही."

"लोट इकडे."

मी ते उंबऱ्यावरून आत लोटले. ते गडगडत तिच्यापाशी जाऊन थांबले. तिने उठून बसायचा यत्न केला, जमेना. मी आपोआप पाय उचलला.

"तिथेच!" ती म्हणाली.

जात्याला धरून ती कशीबशी बसली, ते दोन्ही हातांनी उचलले आणि जात्यावर टाकले. फुटले नाही. पुन्हा टाकले. मी ओट्यावर उभी राहून पदर तोंडात धरला. तिसऱ्यांदा तिने अंगाचा सगळा भार त्याच्यावर घातला तेव्हा ते तडकले. बोटांनी गर ओरबाडून तिने तोंडात कोंबला. रस हनुवटीवरून, हातांवरून ओघळला. वाती वळणारी माझी आई, जिच्या बोटाला कधी डाग दिसला नाही, ती लहान मुलीसारखी बरबटून बसली.

"गोड आहे," ती म्हणाली. "कितीला पडलं?"

"आई, असू दे."

"मागच्या कापसाचेही राहिलेत. तुझं देणं डोक्यावर घेऊन जाऊ का मी?"

तिने कनवटीची गाठ सोडली. सुटेना म्हणून दातांनी सोडली. मग बसल्या बसल्या सरकत ती उंबऱ्यापर्यंत आली. मी सवयीप्रमाणे ओट्यावर बसले आणि हात खाली, लांब धरला, पैसा वरून यायचा म्हणून. मी हाताकडेच बघत होते.

पैसा पडला नाही. तिने माझी बोटे धरली आणि पैसा तळहातावर टेकवला. मग दुसरा. तिची बोटे तापाने भाजत होती आणि रसाने चिकट झाली होती. एकेक पैसा ती दाबून ठेवीत होती, देवाजवळ वात ठेवावी तशी.

ती त्या तापातून उठली नाही. तिला भान होते की नव्हते, हात कुणाचा आहे हे तिला कळत होते की नाही, मी अजून ठरवू शकलेली नाही. नंतर तिने हात धुतला नाही. पण जवळ पाणी होते ते मीच ओढलेले. ती घागर तशीच भरलेली राहिली. उन्हाळ्यात माठापाशी मला थांबवते ते हेच. त्या विहिरीवरच्या बाईने पाणी दिले की नाही ते जसे लिहिलेले नाही, तसे हेही कुठे लिहिलेले नाही.

सगळे पैसे ठेवून झाल्यावर तिने माझी मूठ मिटली.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजले. टरबुजाचे होते, कापसाचे मागचे सगळे होते.

"पुरे आहेत, आई," मी म्हणाले. "काही राहिलं नाही."