मावसोबांची ओव्हर

प्रत्यक्ष परमेश्वर समोर उभा राहिला तरी आमचे मावसोबा, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आपलं मागणं सांगून झाल्यावर त्याला ‘ओव्हर’ म्हणतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पोलिसांच्या वायरलेसवर सगळी नोकरी काढलेला माणूस! तिथे आपलं बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे आता समोरच्याने बोलावं. पंगतीत बसले की “वरण वाढा, ओव्हर,” आणि मयताच्या घरी गेले की “लई वाईट झालं, ओव्हर.” समोरचा रडायचं सोडून तोंडाकडे बघत राही. मोबाईल त्यांना मुळीच मान्य नाही. “दोघं बी एकदमच बोलून राहतेत त्याच्यावर. काही शिस्त हाय का न्हाई?”

निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी नांदेडहून वॉकीटॉकीचा जोड आणला. एक सेट स्वतःच्या कमरेला, दुसरा उमरीच्या घरात मावशीच्या फोडणीच्या डब्याशेजारी. ओसरीवरून साधी हाक मारली तरी चुलीपर्यंत पोचेल, पण हे बटण दाबून म्हणणार, “कंट्रोल, कंट्रोल, चहा ठीव, ओव्हर.” त्यावर कंट्रोल म्हणे, “साखर संपली. उठा अन् घेऊन या. ओव्हर.”

गंमत गंमत चालली होती, तोवर त्यांच्या वैष्णवीला हैदराबादच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. मावसोबांनी ठाम सांगितलं, न्हाई. पोरीने जेवण सोडलं. मावशीने समजावून पाहिलं, पण तिचं वाक्य अर्ध्यावर तोडायची मावसोबांना लग्नापासूनची सवय. मग एके सकाळी मी ओसरीवर त्यांच्याशेजारी बसलो असताना सेट खरखरला. मावशीने आत बटण दाबलं ते सोडेचना. आणि पलीकडच्याने बटण सोडल्याशिवाय अलीकडच्याला बोलता येत नाही! आपलं अर्धवट सुटलेलं शिक्षण, पोरीची अभ्यासाची जागरणं, सगळं सगळं ती बोलत सुटली. मावसोबा कासावीस. “ओव्हर म्हण की! अगं, ओव्हर म्हण!”

“आत जाऊन बोला ना,” मी म्हणालो.

“येडा हाईस का? चॅनल बिझी हाय!”

मावशी शेवटी म्हणाली, “माझं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. पोरीचं मी राहू देणार न्हाई. ओव्हर.”

मावसोबांनी सेट तोंडाशी नेला. मग बटण दाबून हळूच म्हणाले, “रॉजर.” रॉजर म्हणजे निरोप पोचला, समजला. आत पोरगी आनंदाने ओरडली, ती मात्र सेटशिवायच ऐकू आली.

निघायच्या दिवशी उमरी स्टेशनावर त्यांनी मावशीचा सेट खिडकीतून वैष्णवीच्या हातात कोंबला. गाडी हलली. “जागा मिळाली का? ओव्हर.” “मिळाली बाबा. ओव्हर.” “डबा खाऊन घे बरं का. ओव्हर.” पुढचं करखेली स्टेशन यायच्या आतच नुसती खरखर उरली. तरी सेट कानाशी धरून ते फलाटावर उभेच. मी म्हटलं, पोचल्यावर ती मोबाईल करेल की. “करंल,” ते म्हणाले, “हाव, करंल.”

करतेही ती, रोज. पण मावसोबांच्या कमरेला तो एकटा सेट अजून असतो, रोज चार्ज केलेला. चहा हवा असला की ते आता मुकाट्याने उठून आत जातात.