अण्णांच्या वाट्याचं पान

मंडळी, आज दुपारी जे घडलं ते इथे सांगून टाकतो.

आमच्या सांगलीच्या वाचनालयात दर शनिवारी सामूहिक वाचन असतं. पुस्तक गोलात फिरतं, प्रत्येकानं एक पान मोठ्यानं वाचायचं. हळदीचे व्यापारी अण्णा गेल्या वर्षी वारले, तरी त्यांची पाळी आम्ही ठेवलीय. पुस्तक त्यांच्या खुर्चीवर ठेवायचं, पानभर गप्प बसायचं आणि ते पान सोडून पुढं जायचं. हयात सभासदांना एवढी शांतता कधीच मिळत नाही.

आज रहस्यकथेचा शेवट होता आणि खुनी उघडा पडणारं पान नेमकं अण्णांच्या वाट्याला आलं.

सेक्रेटरी चुळबुळले. "काकू, आता ही प्रथा बंद करू या. खुनी कळायला नको का?"

अण्णांच्या पत्नी म्हणाल्या, "आवं, वाचू द्या की त्यांना. एवढंच तर उरलंय त्यांचं."

आम्ही पुस्तक अण्णांच्या खुर्चीवर ठेवलं. थोड्या वेळानं काकूच हसल्या. "मुनीमानं केलाय म्हणं खून!"

सेक्रेटरींनी पुस्तक उचललं. ते पान आजवर कोणी उघडलेलंच नव्हतं; पुढच्या पानाला जोडलेलं, छापखान्यात कापायचं राहिलेलं. त्यांनी ते पट्टीनं सोडवलं, वाचलं आणि पुस्तक अलगद अण्णांच्या खुर्चीवर परत ठेवलं. मुनीमच होता. प्रथा बंद करायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

काकूंनी अंदाज बांधला असेल, असं स्वतःला बजावत मी गाडी काढत होतो. तेवढ्यात त्या जवळ आल्या. "ह्यांचं म्हणणं हाय, तुमी लय भरभर वाचता."

पुढच्या शनिवारी सावकाश वाचू, की सांगलीच सोडू? खरंच विचारतोय.