तिसरीचा वर्ग

मारुती गेल्याचं त्याच्या सुनेनं फोनवर सांगितलं. "तात्या, मामा झोपेतच गेलं... हार्ट अटॅकनं." माझ्या तोंडून पहिलं निघालं, "आन् किडनी?" ती म्हणाली, "ती शेवटपत्तूर तिसऱ्या स्टेजलाच हुती बगा." डोळ्याला पाणी आलं, पण छाती पण फुगली. गडी बोलल्यागत वागला.

आम्ही कराडजवळच्या एकाच गावचे. शाळेतनं दोघंही तिसरीतच उठलो. तो मेंढरांमागं गेला, मी उसात. म्हातारपणी माझे गुडघे धरले, तेव्हा दुकानातनं दुखण्याच्या गोळ्या आणून मी त्या शेंगदाण्यागत खायचो. पाय सुजले. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली, तीन महिन्यांनी पुन्हा तपासली आणि म्हणाले, "किडनीचा जुना आजार. तिसरी स्टेज." तिसरी स्टेज म्हणजे मला ठाऊक कॅन्सरचीच. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलो. गोळी नाही, जेवण नाही... कुणाचं ऐकायची मला सवयच नाही.

तेव्हा मारुती काठी आपटत आला. "उठ रं मुडद्या! मी कवापासनं तिसरीत हाय. मेलो का?"

"तुला बी हाय?"

"व्हय. ह्यात पाच यत्ता असत्यात. चौथीत जायाचं न्हाई, येवढाच अभ्यास. तवा मास्तरनं वर ढकललं न्हाई म्हणून रडलास. आता ढकललं तर रड, गड्या!"

मी हसलो आणि उठलो. त्या दिवसापासनं दुखण्याच्या गोळ्या बंद, बीपीची गोळी चालू. तपासणीला सांगलीला जोडीनंच जायचो. पंगतीत माझा हात मिठाकडं गेला की समोरनं काठी वर व्हायची, "का रं, चौथीत जायाची घाई झाली व्हय?"

सुनेनं ती काठी मला दिली. परवा पहिल्यांदाच एकटा तपासणीला गेलो. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "तात्या, आहे तिथंच आहे. छान." बाहेर बाकड्यावर, मारुती नेहमी बसायचा त्या भिंतीकडच्या जागेला, कुपवाडच्या कारखान्यातला एक गडी रिपोर्ट मुठीत धरून बसला होता. तोंड भिंतीकडं.

मी विचारलं, "कितवी?"

"तिसरी स्टेज..." तो भिंतीकडंच बघत म्हणाला.

मी काठी फरशीवर आपटली. "मग सरक की जरा. आमचाच वर्ग हाय."